फुकटचे प्लग

“इंजिन गरम हाय, आप्पासाहेब. आत्ता प्लग काढले तर आटे जातील. तासभर निवू द्या.”

“निवू दे. मी इथंच बसतो.” आप्पासाहेबांनी स्टूल ओढलं आणि बॉनेटला चिकटून बसले.

क्रांती चौकामागचं हे गॅरेज त्यांच्या सुनेच्या भावाचं. मुलीकडचा माणूस म्हणजे हक्काचा गडी, त्यामुळे गाडीचं काम कायम इथंच आणि कायम फुकट. शिवराज मुकाट करायचा. पण दिवाळीपासून आप्पासाहेबांनी मोनालीला माहेरी धाडलं नव्हतं. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीवर. हे बाहेर पडले की गुलमंडीतल्या घराला बाहेरून कुलूप. बंद दाराआडून बहिणीचं रडणं ऐकून शिवराज परतला, तेव्हापासून त्याचं डोकं फिरलं होतं. या माणसाला अद्दल घडवायचीच, एवढंच त्याच्या मनात होतं.

आप्पासाहेबही काही दूधखुळे नव्हते. त्यांनी ते ओळखलं होतं.

“चावी द्या. हात आत असताना कुणी गाडी चालू केली तर बोटं जातील.”

त्यांनी चाव्यांचा जुडगा फेकला. शिवराजनं तो दाराजवळच्या खिळ्याला अडकवला आणि बॅटरीची वायर सोडली.

“व्याही आलेत आन् चहाला दूध नाय,” म्हणत शिवराजच्या आईनं, गीताबाईंनी, त्याच खिळ्यावरची पिशवी काढली आणि त्या बाहेर पडल्या.

इंजिन निवलं. शिवराजनं हवा मारून धूळ उडवली, जुने प्लग काढले. नवा प्लग आधी हातानं फिरवला, मग पान्यानं बेतानं आवळला. आप्पासाहेबांची नजर त्याच्या बोटांवरून हलली नाही.

“सैल ठेवला का?”

“जास्त आवळला तर तुटंल.”

“ब्रेककडं हात न्यायचा नाय.”

“नाय नेत.” शिवराजनं बॅटरीची वायर परत जोडली.

गीताबाई घामाघूम होऊन परतल्या, पिशवी पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली. चहा झाला. आप्पासाहेबांनी पहिला घोट शिवराजला घ्यायला लावला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

जुडगा घेऊन ते गाडीत बसले. गाडी एका झटक्यात सुरू झाली. इंजिन कसं लोण्यासारखं चालत होतं.

“लई राग हाय ना माझ्यावर?” ते काचेतून हसले. “काय केलंस मग? काय बी नाय.”

शिवराजनं हात पुसले. “सांभाळून जावा.”

वाटेत त्यांनी पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पाहिला. घराचं कुलूप जसंच्या तसं होतं. त्याच जुडग्यातल्या चावीनं ते उघडून आप्पासाहेब आत आले, सुनेला पाणी मागितलं आणि पाण्याची वाट पाहत रिकाम्या घरात बसून राहिले.