वाढवलेली बांगडी

सातव्या तुकड्याचा अहवाल प्रयोगशाळेतल्या डॉ. चक्रवर्तींनी माझ्यापुढे आपटला. "हा हिरवा रंग क्रोमियमचा आहे, मॅडम. म्हणजे काच आजकालची आहे."

आमच्या उत्खननात सापडलेल्या बांगड्यांच्या इतर सहा तुकड्यांची काच दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन निघाली होती. तिच्यातल्या इजिप्तच्या खनिज सोड्यानंच तिचं मूळ सांगितलं होतं. पण एक तुकडा कुणीतरी मुद्दाम टाकलाय असं ठरलं, तर त्या सहांवर कोण विश्वास ठेवणार?

"तुमच्याच वहीत कबुली आहे." मराठी नुकतंच शिकलेल्या डॉक्टरांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं, "'सत्यभामाबाईंनी माती चाळताना एक बांगडी वाढवली.' सहाच्या सात केल्या!"

माझा जीव भांड्यात पडला. "सर, सवाष्णीची बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही. वाढवली म्हणतो. तिचाच तुकडा चाळणीत राहिला असणार."

त्यांना खात्री हवी होती. मी आमच्या मजूर सत्यभामाबाईंना बोलावलं. त्यांच्या हातात तशाच हिरव्या बांगड्या होत्या.

"बाई, तपासायला तुमची एक बांगडी फोडा–" डॉक्टर म्हणू लागले.

बाईंनी झटकन हात पदराआड घेतले.

"वाढवावी लागेल," डॉक्टर घाईनं म्हणाले.

बाईंनी एक बांगडी उतरवून दिली. मग टेबलावरचे ते सहा तुकडे बघून हळूच विचारलं, "अन् ह्या कुण्या बायांनी वाढवल्या?"

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि अहवालातल्या 'सहा फुटक्या बांगड्या'मधलं 'फुटक्या' खोडलं.