जिप्समची भिंत

भिंतीपलीकडे धप्पकन आवाज झाला, तेव्हा नूरझादा नवऱ्याच्या शर्टाला इस्त्री करत होती.

तिने इस्त्री उभी ठेवली आणि कान दिला. पलीकडे सासरे, जुमाबेक, एकटेच होते. सासूबाई आणि नवरा तालंत नारीन शहरातल्या बाजारात गेलेले. लग्नाच्या वेळी एका लांब खोलीच्या या दोन खोल्या केल्या होत्या. लाकडी जमिनीला विटांचं वजन पेलवलं नसतं, म्हणून पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड. सासऱ्यांनी कूस बदलली तरी इकडे कळायचं. म्हणजे इकडचंही तिकडे जातच असणार. वर्षभर ती या भिंतीलगत दबकून वावरत होती.

आता पलीकडे काहीच हालचाल नव्हती.

ती त्यांच्या दाराशी गेली. सुनेने बोलावं तशी हळूच म्हणाली, "बाबा?" उत्तर नाही. दार ढकललं तर बोटभर उघडून अडलं. फटीतून कोळशाच्या धुराचा उबट वास आला आणि दाराला टेकून पडलेला म्हातारा खांदा दिसला. ऊब राहावी म्हणून त्यांनी चुलीच्या धुराड्याची झडप लवकर लावून टाकली होती; कोळशाचा विषारी धूर आतच कोंडला होता. खिडकीला बाहेरून गज. आणखी जोर लावला तर दार त्यांच्या मानेवरच दाबलं जात होतं.

सरपणाजवळची कुऱ्हाड घेऊन ती आपल्या खोलीत परतली. बोटांनी भिंत ठोकून पाहिली. पोकळ, पोकळ, मग पट्टीचा भरीव आवाज. पट्टी सोडून तिने घाव घातला. पांढरी भुकटी डोळ्यांत गेली. पलीकडचा बोर्ड तिने लाथेने पाडला आणि दोन पट्ट्यांमधून आडवी होऊन आत शिरली. पत्र्याने दंड चिरला, ते तिला नंतर दिसलं.

आधी तिने खिडकीची काच फोडली. मग काखेत हात घालून त्यांना ओढलं आणि दार सताड उघडलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "बाबा, बाबा," ती म्हणत राहिली. पापणीही हलली नाही.

मग तिने जे केलं ते त्या गावात कुठलीच सून करत नाही. सासऱ्याचं नाव बोलण्यात यायची वेळ आली तर सुना त्याजागी दुसराच शब्द वापरतात. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "जुमाबेक! जुमाबेक, ऊठ!"

कितीतरी हाकांनंतर ते खोकले.

सासूबाई परतल्या तेव्हा ते मेंढीच्या कातड्यात गुरफटून, दोन्ही हातांत वाडगा धरून आयरान, घुसळलेलं खारं दही, पीत होते. नूरझादाने मान खाली घालून सगळं सांगितलं, नाव घेतल्याचंही. सासूबाईंनी भिंतीतल्या भगदाडाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या तिच्या दंडाला फडकं बांधत बसल्या.

दुसऱ्या दिवशी तालंतने जाडजूड नवे बोर्ड आणले आणि मध्ये भरायला ग्लासवूलची भली मोठी गुंडाळी. आता इकडचा आवाज तिकडे जाणार नाही, असं तो सांगत होता.

जुमाबेक भिंतीला हात लावून उभे होते.

"हे सगळं परत देऊन ये," ते म्हणाले. "आणि त्यांच्याकडे पातळातला पातळ बोर्ड असेल तो आण."