काचेपलीकडचा सूर

ऑपरेशन करून कानात यंत्र बसवलं, तरी नवऱ्याला बायकोचा आवाज रिकामा डबा बडवल्यासारखाच वाटायचा. तपासणीच्या काचेच्या खोलीत मात्र स्वारी खुलायची. तीन सूर वाजायचे; त्यातला वेगळा कितवा, तेवढी बोटं तो वर करायचा आणि असा काही लाजायचा, की काचेबाहेर बसलेल्या बायकोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आज त्याने तीन बोटं वर केली. मग एक. मग पुन्हा तीन.

"फारच गोड दिसतात हो तुमचे सूर," ती शेजारी सुरांच्या मशीनपाशी बसलेल्या तपासणाऱ्या बाईंना टोचून म्हणाली.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "ताई, मी अजून मशीन सुरूच केलेलं नाही."

आत एकटाच बसलेला नवरा हसला आणि बाकावर थोडा सरकला. लग्न नवं होतं तेव्हा तिला जवळ बसायला जागा करून द्यायचा, अगदी तसा.