आपोआप

मिस्त्रीने मार्कर टेबलाच्या कडेवर जोरात आपटला. पेंटबॉलच्या मैदानावर सगळे त्याला बंदूकच म्हणत, पण मिस्त्रीला तो शब्द खपत नसे. बंदुकीने माणसं मरतात, यातून रंगाच्या गोळ्या उडतात, असं तो गिऱ्हाइकांना ठासून सांगायचा. परवापासून त्याने ते सांगणं सोडलं होतं.

नळीचं तोंड चिंध्यांच्या पोत्यात खुपसलेलं होतं. टाकीत हवा होती, आत गोळी होती, गोळी बसल्याचा हिरवा दिवाही लागला होता. उडायला काहीएक हरकत नव्हती. त्याने पुन्हा आपटला, मग मार्करच्या मुठीवर रबरी हातोडी हाणली. त्याच्या पोटातलं पाणीही हललं नाही.

'आपोआप उडतो' म्हणणाऱ्याचं बोट ट्रिगरवरच असतं, हे मिस्त्रीचं लाडकं वाक्य. गिऱ्हाइकाला खोटं पाडून तो मिशीत हसायचा. आज मात्र कुठेतरी बिघाड सापडू दे, म्हणून तो देवाला हात जोडत होता.

कारण हा मार्कर त्याच्या धाकट्या मुलाच्या हातात होता. दोघेही मुलगे याच मैदानावर कामाला. परवा खेळ संपल्यावर थोरला मास्क काढून घाम पुसत होता, आणि गोळी सरळ त्याच्या डाव्या डोळ्यात बसली. डोळा गेला. "मी दाबलाच नाही, आपोआप उडाला," असं धाकटा तेव्हापासून भेटेल त्याला सांगत होता. उद्या मालक बाहेरच्या जाणकाराकडून मार्कर तपासून घेणार होता. बिघाड निघाला तर अपघात म्हणून मिटणार. नाही निघाला तर प्रकरण पोलिसांत जाणार, आणि धाकटा आत.

मिस्त्रीने बॅटरी बदलली. मूठ उघडून स्विच भिंगाखाली धरला. कुठे गंज नाही, कुठे तार सुटलेली नाही. ट्रिगर दाबला की स्विच स्वच्छ 'टक्' बोलत होता, सोडला की गप्प. गेल्याच आठवड्यात त्याने स्वतः हा मार्कर खोलून जुळवला होता. काम चोख झालं होतं, आणि तेच आता त्याच्या छातीवर बसलं होतं.

बाहेर नळावर धाकटा मास्क धूत होता. मघापासून एकच मास्क घासत होता.

दारात सावली पडली. डोळ्यावर पट्टी बांधलेला थोरला आत आला. परवापासून घरात दोघा भावांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढली जात होती.

"सापडलं?"

"सापडलं," मिस्त्री म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावरच त्याला कळलं. "ट्रिगरमागचा बारीक स्क्रू. माझ्याच हातून जास्त आवळला गेला होता. ट्रिगर स्विचला टेकून राहिला. जरा धक्का लागला की उडतो."

"बघू."

थोरल्याने हात पुढे केला. मूठ मार्करच्या अलीकडेच, हवेत मिटली. दुसऱ्यांदा त्याने टेबल चाचपत मार्कर उचलला, नळी पोत्यात खुपसली आणि आपटला. मग आणखी जोरात. मग आणखी एकदा. हिरवा दिवा तसाच जळत राहिला.

मिस्त्रीने मान खाली घातली.

"बाबा, मी त्याचं बोट पाहिलं," थोरला म्हणाला. "दात काढत होता. मार्कर रिकामा आहे असं वाटलं असेल त्याला. नुसता घाबरवणार होता मला."

 मिस्त्री स्टुलावर बसला. "मग सांग मालकाला. तुझा डोळा गेलाय. मी तुला अडवणार नाही."

"हॉस्पिटलात आला होता तो. माझ्या पायाशी उभा राहिला आणि म्हणाला, आपोआप उडाला." थोरल्याने पट्टीची कड दाबली. "मला नाही, बाबा. नर्सला सांगितलं त्याने. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

बाहेर ब्रश घासतच होता. थोरल्याने मार्कर बापापुढे ठेवला.

"आवळा तो स्क्रू. उद्या तो जाणकारही आपटून बघेल."

"अरे, पण..."

"तुमची नोकरी जाईल, ठाऊक आहे मला."

"नोकरी जाऊ दे रे," मिस्त्री म्हणाला.  "तुझा डोळा गेलाय. तुम्ही दोघं तरी राहा मला."

 थोरल्याने टेबलावरचा दिवा उचलून बापासाठी धरला. उजेड स्क्रूच्या बाजूला पडत होता. मिस्त्रीने त्याचं मनगट धरून दिवा नीट जागेवर आणला, आणि ते मनगट त्याला लवकर सोडवेना.

मग त्याने स्क्रू आवळला. उभ्या आयुष्यात त्याने चांगली वस्तू हाताने बिघडवली नव्हती. तरी अंदाज चुकला नाही. ट्रिगर स्विचला जेमतेम टेकला.

मार्कर थोरल्याने उचलला. आपटलाही नाही, नुसता टेबलावर टेकवला.

फट्!

पोत्यावर लाल रंग फुटला. बाहेर ब्रशचा आवाज थांबला. नळ तेवढा वाहत राहिला.

थोरल्याने दाराकडे तोंड केलं आणि नळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐकलंस? आपोआप उडतो."