दुपारची गोळी

माबेल मोंतेविदेओहून आईवडिलांकडे आली, तेव्हा वडील एलादिओ जेवायला बसले होते. ताटात भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा, वर दोन अंडी आणि शेजारी कंपवाताची दुपारची गोळी. तिचं डोकंच फिरलं.

“पापा, डॉक्टरीणबाईंनी किती वेळा समजावलं? आतड्याच्या ज्या दारांतून ही गोळी रक्तात शिरते, त्याच दारांतून मांसातली प्रथिनंही जातात. तिथे गर्दी झाली की गोळी बाहेरच ताटकळते. मांस रात्री खा म्हणाल्या होत्या ना?”

“रात्रीही खातो,” म्हणत त्यांनी गोळी गिळली.

“मग बसा संध्याकाळपर्यंत लाकडासारखे. जिभेपुढे तुम्हाला दुसरं काही सुचतच नाही.”

त्यांनी मांसाचा आणखी एक घास तोंडात घातला. तासाभरात त्यांचे पाय आखडले, चेहरा थिजला.

तेवढ्यात आई आतून आली. दोन वर्षांपासून तिची स्मृती विझत चालली होती. मघाशी दार उघडल्यावर तिने पोटच्या लेकीला “कोण पाहिजे?” असं विचारलं होतं. आता मात्र तिने एलादिओंजवळ खुर्ची ओढली आणि त्यांचा ताठलेला हात हळूहळू चोळायला घेतला.

“आखडलास ना रे पुन्हा, एलादिओ? असू दे. मी आहे ना.”

माबेल बघतच राहिली.

एलादिओंचे ओठ जेमतेम हलले. “चालता-फिरता असलो, की ती मला परका समजते, पोरी.”