दारातली हलगी

थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवली की तो लाजेनं घरपट्टी भरतो, घराचा लिलाव काढायची वेळ येत नाही, हा आमच्या वसुली पथकाचा अनुभव. त्या दिवशी कारखानदाराच्या बंगल्यासमोर गाडी थांबली, पण हलगीवाला वडूजच्या जत्रेला गेलेला. हलगी गाडीतच होती. मी ती आमच्या लिपिकापुढं, महेंद्रपुढं धरली. “घे रं, वाजव. तुमच्यात सगळ्यांनाच येती की.” दहा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खात आलोय. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, आजोबांनी बुद्धाची दीक्षा घेतली, त्याच दिवशी हलगी चुलीत घातली. तवापासनं घरात कुणी शिकलंच न्हाई.” माझीच नजर खाली गेली. तेवढ्यात फाटक उघडून कारखानदार चेक घेऊन धावत आला. “आवं, वाजवू नका, चारचौघांत लाज वाटती.” महेंद्रनं चेक घेतला, पावती फाडली. हलगी माझ्याच हातात होती.