सारिकाचा उंदीर

सारिका माझे पाय चोळत होती. विजेच्या खांबावरनं पडलो त्याला सात वर्षं झाली, कमरेखाली काय कळत नाही. पोरगी पुण्यात ह्याच्यावरच पीएचडी करती.

"अप्पा, मणक्याला मार बसला की अंगातल्या राखणीच्या पेशी खवळतात आणि चांगल्या नसाच खाऊन टाकतात."

"म्हंजे पोलीसच घर लुटत्यात म्हण की!"

ती हसली. मग म्हणाली, त्या पेशी शांत करायचं औषध तिनं लुळ्या उंदरांना दिलं, आणि त्यातला एक उठून चालायला लागला.

"आता कुठाय त्यो?"

"मारला. आत मणक्यात काय बदललं ते कापूनच बघावं लागतं, त्याची तारीख आधीच ठरलेली असते." तिनं मान खाली घातली. "माणसाला हे औषध मिळायला अजून वीस वर्षं जातील, अप्पा. तुम्ही आस लावू नका."

मी साठी ओलांडलेला माणूस.

"किती दिवस चालला गं?"

"दोन."

"मग मलाबी घे की तुझ्या उंदरांत. दोन दिवस चालीन, मग खुशाल काप."